वळणावरचा फोटो

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुखेडच्या बाजारात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होतो. लातूरला, घरीच, झोपेत गेला... पिशवी तिथंच विसरून मी एसटीत बसलो.

शिवराजआप्पा रस्त्याचा इंजिनिअर. आमच्या फाट्याच्या वळणावर माणसं मरायची आणि गाव म्हणायचं, जागाच वाईट. अमावास्येला तिथं नारळ फुटायचे. मी गावातला मास्तर; माझ्या वर्गातली एक मुलगी तिथं अपघातात गेली, त्याच सुमारास आप्पा बदलून इकडं आला. पहिल्याच दिवशी हा गडी जीपमधून लाकडी स्टूल काढून रस्त्याच्या कडेला बसला! मला वाटलं, साहेबाला ऊन लागलं. तर म्हणाला, "बसा गुरुजी. गाडीवाल्याचे डोळे एवढ्याच उंचीवर असत्यात. काय दिसतंय?" मी बसलो. बाभळी, टपरी आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. पलीकडून येणारी एसटी काही दिसेना.

"जागा वाईट न्हाई, गुरुजी. आडोसा वाईट हाय."

मग त्यानं बाभळी काढल्या, टपरीवाल्याला समजावून मागं सरकवलं, रस्त्याचा उतार नीट करून घेतला. वरच्या साहेबांची बोलणी खाल्ली, पण हटला नाही. फ्लेक्सचं मात्र गावाच्या हातात होतं. म्हणून त्यानं सगळ्यांना महादेवाच्या देवळात बसवलं आणि आम्ही बेलभंडारा उचलला, की वळणाच्या आतल्या अंगाला काही उभं करणार नाही. सगळ्यात आधी उचलला तो मी. त्यानंतर तिथं कुणी मेलं नाही. नारळही बंद झाले. बदली झाली तेव्हा आप्पा स्टूल माझ्या ओसरीत ठेवून गेला. म्हणाला, आता तुम्ही बसून बघत जा. मी कसला बघतोय... स्टुलावर बादली ठेवायला लागलो.

आप्पाला पोचवून लातूरहून परतलो, तेव्हा गावातली पोरं आली. श्रद्धांजलीला चांगला फोटो द्या म्हणाली. मी डोळे पुसत दिला. कुठं लावणार, एवढंही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी बघतो तर त्याच वळणावर, त्याच आतल्या अंगाला, पुरुषभर उंचीचा फ्लेक्स. वर हसरा आप्पा, खाली गावातले झाडून सगळे पुढारी आणि त्यांच्यात माझंही तोंड.

सरपंचाला बोललो. तो म्हणाला, "पंधरा दिवसांचं तर हाय. आप्पासाठीच हाय की."

बेलभंडारा उचललेले हात हेच. दगा दिला आम्ही त्याला, त्याचाच फोटो लावून दिला. संताप आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

बादली खाली ठेवली, स्टूल घेऊन वळणावर गेलो, बसलो. समोर नुसता आप्पाचा चेहरा. त्याच्यामागून हॉर्न वाजला आणि एसटी एकदम अंगावर आल्यासारखी निघाली. घरून विळा आणला अन् दोऱ्या कापल्या.

मेलेल्या माणसाचा फोटो पाडला म्हणून गाव आता माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही. मी रोज सकाळी स्टूल घेऊन जातो, घटकाभर बसतो. एसटी लांबूनच दिसते.