वहिनीची मिशी

माझ्या चुलत वहिनीइतका उमदा पैलवान वाटूर फाट्यावर दुसरा झाला नाही, हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगेन. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा पिठाच्या गिरणीला लागून व्हिडिओ गेमचं दुकान निघालं. वहिनी गिरणीत डबा ठेवायची आणि दळण होईपर्यंत शेजारी पडद्यावरची कुस्ती खेळायची. त्यापायी पायलीभर ज्वारी एकदम दळायचं सोडून तिने रोज शेरभर आणायला सुरुवात केली. सासूबाईंना म्हणाली, "ताज्या पिठाची भाकर गोड लागती." पदर खोचून, बांगड्या कोपराकडे सारून ती बसली की प्रत्येक ठोशाला "घे माझ्या बापा!" म्हणायची.

पडद्यावरच्या आठ पैलवानांत एकच बाई होती. मी तेव्हा स्त्रीमुक्तीची पत्रकं वाटत फिरायचो. वहिनीने तीच घ्यावी, हा माझा तत्त्वाचा आग्रह होता. वहिनी मात्र दर वेळी मिशीवाला जाड्या घ्यायची.

"भाऊजी, बाई तर मी घरी दिवसभर हाये की. इथं मिशी लागती मला."

दुकानाचा कायदा एकच होता: हरला तो उठला. एकदा एक ट्रॅक्टरवाला तिच्याकडून हरला आणि बसूनच राहिला. "बाईपुढं हरलेलं धरत न्हाईत. बिलकुल उठणार न्हाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मालक भिंतीकडे पाहू लागला. हा नवा कायदा टिकला असता, तर जिंकूनही दर वेळी वहिनीलाच उठावं लागलं असतं. मी माझं उत्तम भाषण काढलं. दुसऱ्याच वाक्याला तिने मला कोपराने बाजूला सारलं.

"कोण बाई?" तिने पडद्याकडे बोट केलं. "बघ बराबर, कोणी पाडलं तुला. ह्या मिशीवाल्यानं ना? मंग ऊठ जल्दी, माझं दळण होऊन राह्यलं."

सगळे हसले. तो उठला. तिथून पुढे तिचं नाव 'वस्ताद' पडलं.

परतताना मी तणतणत होतो. "हा विजय अर्धा आहे वहिनी. ती जागा बाई म्हणूनच मिळायला पाहिजे होती." माझं हे म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. पण त्या संध्याकाळी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. ती ऐकतच नव्हती. डबा खांद्यावर टाकून, लांब ढांगा टाकत, ती रस्त्याच्या मधोमध चालली होती. तशी चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग आमची गल्ली आली. वहिनीने डबा कमरेवर घेतला, पदर डोक्यावर ओढला आणि पावलं लहान केली.