पोथीमायची चांगुणा

चिलया बाळाची कथा पोथीमाय शेवटापर्यंत कधी वाचायचीच नाही. अतिथी होऊन आलेला देव चांगुणेकडे तिच्याच मुलाचं मांस मागतो, ती ते रांधते आणि मग देव मूल जिवंत करून देतो. मूल परत येतं त्या ओवीसाठीच आम्ही बायका श्रावणात जमायचो. ती मात्र त्याआधीच पोथी फडक्यात बांधायची. "पुढचं तुमाले माहीत हाये," म्हणायची.

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या दिवसांत मी धामणगाव बढ्यात सून म्हणून आले. पोथीमाय तेव्हा पन्नाशीची असावी. विधवा, एकटी. मास्तर असलेल्या बापानं तिला वाचायला शिकवलं होतं. पुरुष आसपास असले की ती सरळ वाचत जायची. नुसत्या बायका असल्या की मध्येच थांबून आम्हालाच प्रश्न घालायची.

एका दुपारी तिनं विचारलं, "त्या पाहुण्यानं सगळं एकदाच काऊन नाई मागतलं?"

मग तीच सांगू लागली.

"आधी मांस मागतलं. मंग म्हणे, मुंडकं उखळात कांड. मंग म्हणे, रडू नको, गाणं म्हण. दर खेपेले तो वाट पाह्यत होता, ही माय आता तरी नाई म्हणन. तिनं म्हटलं नाई, म्हणून मागणं वाढत गेलं."

"मंग देव पावला कसा?" माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं.

"पावला नाई, बाई. शरमला."

त्याला महिनाही झाला नसेल. सासऱ्यांचे गुरुमहाराज जेवायला आले होते आणि माझी दोन वर्षांची कौसा तापानं फणफणली होती. महाराजांचं जेवण होईपर्यंत लेकराला शिवायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलेलं. सोवळ्यासाठी नेसलेल्या ओल्या लुगड्यानं मी पाट्यावर पुरण वाटत होते. आतल्या खोलीतून येणारं कौसाचं रडणं बारीक बारीक होत गेलं. मी उठले आणि तिला उचललं.

सासरे दारात आडवे आले. "कुठं चालली? महाराज पाटावर बसले हायेत."

"बसू द्या, मामाजी. मी नाई थांबत."

नवऱ्यानं खाली मान घालून गाडी जुंपली. मलकापूरचा दवाखाना लांब. अर्ध्या वाटेत कौसा माझ्या मांडीवरच गेली.

महाराज उपाशी उठले म्हणून पोर गेली, असं गावानं ठरवलं. सुनेच्या डोक्यात हे कोणी भरलं, तेही निघालं. सासरे चार माणसं घेऊन पोथीमायकडे गेले आणि तिची पोथी उचलून घेऊन आले. विहिरीवर बायका तिला बघून घागरी उचलून निघून जाऊ लागल्या. त्यात माझ्या सासूबाईही होत्या. आठ दिवसांनी पोथीमाय नांदुऱ्याला भाच्याकडे जायला निघाली. मी घरी न सांगता वेशीपाशी गेले.

"माय, मी नाई म्हटलं, तरी गेलीच ना ती?"

"गेली," ती म्हणाली. समजूत घातली नाही. गाडीत बसून तिनं पदर सावरला, मग माझ्याकडे न पाहता बोलली.

"माह्या घरीही पाहुणेच होते. म्या पोया लाटून राह्यली होती. पोरानं तापात दोनदा हाक मारली. म्या म्हटलं, आली रे. तिसऱ्यांदा त्यानं मारलीच नाई."

भाच्यानं बैलांच्या पाठीवर हात टाकला. तिनं त्याला थांबवलं.

"तुयी पोर तुया मांडीवर गेली. ते कमी हाये का जास्त, मले नाई सांगता येत, बाई."