बर्फात गेलेल्या नळ्या

लॅबमध्ये तिला सगळे 'खिसेवाली' म्हणतात. वॉर्डातून रक्ताच्या नळ्या ती स्वतः नेते, एप्रनच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. तिला तपासायच्या असतात जिवंत पेशी, आणि त्यांना बर्फ मानवत नाही. नळी खिशात असली की लिफ्टमध्ये कुणाला खेटूसुद्धा देत नाही.

माझ्या लेकीला वरचेवर गळवं होतात. डॉक्टरांना संशय आहे तो रक्तातल्या मदतनीस पेशींचा. या पेशी आधी कोऱ्या असतात. बाहेरून निरोप येतो, पेशीच्या आत तो हातोहात पुढे जातो आणि मग ती कोण व्हायचं ते ठरवते. जंतूंवर लढवय्ये धाडणारी जात लेकीच्या अंगात तयारच होत नसावी, असं त्यांना वाटतं. खिसेवाली पेशींना काचेच्या बशीत तोच निरोप देते आणि काही दिवसांनी त्या बदलल्या का ते पाहते. तुलनेला स्वतःचं रक्त देते, तेही वॉर्डातच, लेकीच्या शेजारी बसून.

पहिल्यांदा रक्त घेतलं त्या दिवशी लॅबमधलं मशीन अडलं म्हणून तिला मध्येच उठून जावं लागलं. वॉर्डाच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही नळ्या बर्फातून गेल्या. निकाल आला, लेकीच्या पेशी बदलल्या नव्हत्या. खिसेवालीने मात्र त्यावर सही केली नाही.

"वहिनी, माझ्याही पेशी ढिम्म आहेत. आणि मला साधी सर्दी होत नाही. दोन्ही नळ्या गारठल्यात. परत रक्त घ्यावं लागेल."

"परत टोचणार?" लेक कुरकुरली.

"मलाही टोचणारेत. बघू, आधी कोण रडतंय."

या खेपेला नळ्या तिच्या खिशातूनच गेल्या. तेव्हापासून माझा सगळा जीव त्या बर्फावर टांगलेला होता. दोष त्याचाच निघू दे, एवढंच मागणं.

आज ती वर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"या वेळी माझ्या बदलल्या," ती म्हणाली.

मी लेकीकडे पाहिलं.

"हिच्या नाही बदलल्या, वहिनी. आता शंका उरली नाही. नुसत्या शंकेवर डॉक्टर एवढं जालीम औषध कसं देणार होते? आता देता येईल."

मी मान डोलावली. ती गेल्यावर 'जालीम' हा शब्द माझ्या लक्षात आला. उद्या सकाळी औषध सुरू होणार आहे, आणि जालीम म्हणजे किती, हे विचारायचं राहूनच गेलं.