हाराखालचा दिवा

जनार्दन गेल्याचा निरोप पालघरला माझ्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आला, तेव्हा पानं छपाईला निघाली होती. फोनवर त्याची बायको शेवंता होती. "भाऊ, ते गेले... झोपेतच," एवढंच ती बोलली. नवापूरच्या शाळेत जनार्दन आणि मी एका बाकावर बसायचो. पुढे तो घरच्या मासेमारीच्या होडीवर गेला नाही. बोईसरला रंगांच्या एका कारखान्यात संगणक सांभाळू लागला.

नव्वदीच्या दशकात मालकांनी सर्व्हर आणला. कोणत्या छटेला कोणतं रसायन किती, हे तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं त्यात गेलं. ते राखणं हेच जनार्दनचं काम. त्याने दोन डिस्क अशा जोडल्या, की प्रत्येक नोंद दोन्हींवर एकदमच लिहिली जाई. "एक पुरत नाही का रे तुला?" मी विचारलं. "खराब हवेत आमी होड्या जोडीनं सोडतो, तसंच हाय," तो हसून म्हणाला. "एक गेली तरी दुसरी घरी येते." टेपवर वेगळी प्रत घेणं त्याने मग सोडूनच दिलं. डिस्क बिघडली की सर्व्हर शिट्टी देई, पण शेजारच्या बॉयलरच्या आवाजात ती ऐकू येत नसे, म्हणून तो रोज सकाळी डिस्कवरचे दोन हिरवे दिवे पाही. एक लाल झाला की ती डिस्क बदलायची, इतकं साधं.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होई. एका वर्षी सर्व्हरला झेंडूचा हार जनार्दनने स्वतः घातला. दिवाळीला नवा येईपर्यंत जुना उतरवायचा नाही, हा तिथला रिवाज. वरचा दिवा फुलांआड गेला. खालचा हिरवा दिसत होता, तेवढ्यावर त्याचं समाधान होत राहिलं... दिवाळीच्या तोंडावर खालचा दिवा लाल झाला आणि सर्व्हर बंद पडला. वाळलेला हार त्याने बाजूला केला, तर वरचा दिवाही लाल. कधीपासून, हे कुणालाच सांगता येईना. परत काहीच मिळालं नाही. मालक ओरडले नाहीत. "मग दुसरी होती कशाला?" एवढंच त्यांनी विचारलं. छटा जुळेनात, गिऱ्हाइकं तुटली, पुढे कारखाना बंद पडला. जनार्दनला कुणी काढलं नव्हतं. फाटकाला कुलूप लावायला तोच उरला. नंतर त्याने कुठेही काम धरलं नाही. समजावण्याचा उपयोग झाला नाही.

परवा नवापूरला गेलो. भिंतीवर त्याचा फोटो, खाली फळीवर त्या दोन डिस्क. फोटोला हार नव्हता. मी नेलेला शेवंताने हातात घेतला आणि बाजूला ठेवला.

"नको बोलले होते," ती म्हणाली. "हाराखालचं दिसत नाय, बोलायचे."