मुठीतली गोळी

उसाची ट्रॉली उलटली आणि संभाजीनगरला निघालेली आमची एसटी केजच्या पुढं अडकली. लोक खाली उतरून सांडलेला ऊस खाऊ लागले. मीही एक कांडं घेऊन जागेवर आलो.

शेजारचा मास्क लावलेला गडी सारखा घड्याळ बघत होता. मुठीत गोळी होती. मी पाण्याची बाटली पुढं केली, तर दचकलाच.

"दवाखान्यात तपासायला रगत दिल्याबिगर ही घेता येत न्हाई. रगतात औषध किती उरलंय ते बघून डॉक्टर गोळी कमीजास्त करतेत. आन् लई उशीर झाला तर माझंच अंग किडनीवर उठतंय. बायकोनं दिलेली हाय ती किडनी."

त्याला आता कोयता झेपत नव्हता, म्हणून बायको यंदा तिच्या भावासोबत ऊसतोडीला गेली होती.

तो मूठ उघडायचा, गोळी बघायचा, पुन्हा मिटायचा. मला वाटायचं, घे बाबा एकदाची. लगेच वाटायचं, नको.

तेवढ्यात फोन वाजला. उसाच्या फडातून बायको विचारत होती, गोळी घेतली का?

"घेतली की," तो म्हणाला. "तू पाणी पीत जा. एकाच किडनीवर हायस तू."

फोन ठेवला तरी मूठ मिटलेलीच होती. मी हातातलं कांडं गुपचूप सीटखाली ठेवलं.