घोडीचं मुसकं

ती घोडी माझ्यामुळे मेली, आणि तिच्या मरणाचा दोष मी माझ्या मुलीच्या डोक्यावर राहू दिला. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे मी पुन्हा सबबी सांगू लागेन.

अमेरिकेत आम्ही राहतो त्या पार्सिपनीपासून पाऊण तासावर एका इटालियन वंशाच्या बाईंचा तबेला होता. माझी मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची, दर शनिवारी तिथे काम करायची आणि त्या बदल्यात घोडेस्वारी शिकायची. तिथे एक बार्दिजानो घोडी होती. इटलीच्या डोंगरातली ही बुटकी, दणकट, काळपट तपकिरी जात. तिकडेही आता थोडीच उरली आहे. बाईंनी घोडी विमानाने आणवली होती. तिला शिंगरू व्हावं, एवढीच त्यांची आस होती.

घोडीच्या तोंडाला कायम मुसकं असायचं, आपल्याकडे मळणीच्या वेळी बैलांना बांधतात तसं, फक्त खाली एक भोक, त्यातून थोडंच गवत तोंडात जाई. मुलीने बजावलं होतं, "बाबा, तिला काही देऊ नकोस हं. शी गेट्स सिक, सिरियसली." खुरट्या गवतावर जगत आलेल्या या जातीला गोडधोड आणि कोवळं गवतही बाधतं, म्हणे. मला ते अमेरिकन लाड वाटले. आमच्याकडे वरातीच्या घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ देतात. त्याने कुठली घोडी मेल्याचं मी ऐकलं नव्हतं. मुलगी कामात असली की मी मुसकं सोडायचो आणि खिशातली डाळ-गुळाची पुडी काढायचो. घोडी मला लांबूनच ओळखू लागली. त्या दिवसांत मला बघून घरी कुणी एवढं खूश होत नव्हतं.

वसंतातल्या एका शनिवारी मुलीची हाक आली आणि मी मुसकं कसंबसं अडकवून निघालो. ते गळून पडलं. दोन दिवस घोडी कोवळ्या गवतावर मोकळी चरली. मग तिचे खूर आतून सुजले, पुढचे पाय जमिनीला टेकवेनात.

"मुसकं बघणं तुझं काम होतं," बाई मुलीला म्हणाल्या.

"आय चेक्ड इट! बाबा, तू होतास ना तिथे? सांग ना."

मी म्हणालो, "बाळा, घाईत विसरली असशील."

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी घोडीला शेवटचं इंजेक्शन दिलं. मुलगी त्यानंतर कुठल्याच घोड्यावर बसली नाही.

परवा, दोन वर्षांनी, कॉलेजच्या अर्जासाठी लिहिलेला निबंध तिने मला तपासायला दिला. विषय होता, माझ्या हातून झालेली सर्वात मोठी चूक. तिने सगळं लिहिलं होतं. मुसक्याचा पट्टा न आवळता ती कशी निघून गेली, तेव्हा हातात बादली होती, हेसुद्धा. जे घडलंच नव्हतं ते आता तिला आठवत होतं. मी म्हटलं म्हणून.

"स्पेलिंग्ज ओके आहेत ना?" तिने विचारलं.

"हे तू केलं नाहीस," मी म्हणालो. "मुसकं मी सोडलं होतं. दर शनिवारी सोडायचो, तिला खायला घालायला. तू मला विचारलंस तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि मी तुझ्याकडे बघून खोटं बोललो. मला माफ कर."