पडद्यावरचे काळे ठिपके

आज तहसील कार्यालयातला जुना संगणक सुरू केला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. त्या वासासरशी मी वर्ध्याच्या कॉलेजातल्या संगणक कक्षात जाऊन बसले.

तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. दूरच्या एका बेटावर संध्याकाळी वादळ धडकणार होतं. त्याआधी लोकांना हलवायला तिथल्या बचाव पथकाला नकाशा हवा होता, म्हणून आम्ही विद्यार्थी उपग्रहाच्या छायाचित्रांत एकेक छप्पर शोधून त्याभोवती रेघ ओढत होतो. पडद्यावरचं बेट शांत, हिरवंगार दिसत होतं, आणि ती शांतताच अंगावर येत होती.

झाडांखाली तीन काळे ठिपके दिसले. आमच्या गटाची प्रमुख होती आष्टीची प्रज्ञाताई. तिला मी विचारलं, "ताई, हे घरं आहेत का सावल्या? समजून नाई राह्यलं."

"मग घरंच समज," ती म्हणाली. "सावलीपाशी बोट गेली तर रिकामी वापस येईन. घर सुटलं तर तिकडं कोणी जाणारच नाई."

सकाळपासून असे कितीतरी ठिपके मी सावल्या म्हणून सोडून दिले होते. घाईघाईनं ते पुन्हा शोधू लागले, तोच वीज गेली. ती परत आली तेव्हा वादळ बेटावर पोहोचलं होतं.

तिथं पुढं काय झालं, ते मला कधीच नीट कळलं नाही. आता पवनारच्या नदीकाठच्या, पुराचा धोका असलेल्या घरांची यादी माझ्याकडे असते. सही करण्याआधी मी सगळा काठ स्वतः फिरून येते. "यादी तर झाली न मॅडम, मग काऊन फिरता?" तलाठी विचारतात. मी झाडांखाली एखादं छप्पर सुटलं का, ते वाकून पाहत असते.